डाव्या चाकाची नळी

४ मार्च, मंगळवार

तेल! डाव्या चाकाखाली ब्रेकचं तांबडं तेल.

आज आम्हा नवरा-बायकोनं हातानं बांधलेलं विमान पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर चाललं. उडालं नाही, धावपट्टीच्या कडेकडेनं नुसतं फिरवून आणलं. परत हँगरमध्ये लावलं तर खाली हा डाग! आर्विड म्हणाला, "थेंबभर तर आहे गं." थेंबभर! पुढचं चाक वळवता येत नाही आमच्या विमानाचं. डावीकडे जायचं तर डावा ब्रेक दाबायचा, उजवीकडे जायचं तर उजवा. एक ब्रेक गेला की थेट गवतात. आणि तापलेल्या ब्रेकवर हे तेल पडलं की पेट घेतं, हे मी त्याला सांगायला हवं?

ब्रेकची नळी प्लॅस्टिकची आहे. चाकाजवळ हात लावून पाहिला, मऊ लागली. मी म्हटलं, ही बदलायची. तो म्हणाला, निम्म्या विमानांना हीच आहे, कोण मेलंय? मग भांडण. सूप गार झालं.

५ मार्च

झोपेचं खोबरं. डोक्यात नुसती नळी.

७ मार्च, शुक्रवार

शुक्रवारचा तळलेला मासा खायला विमानतळावरची नेहमीची टोळी जमली होती. मी नळीचा विषय काढला आणि पस्तावले. व्हर्लिनचा हँगर आमच्या शेजारी, जन्मभर शेतांवर फवारणीची विमानं उडवली त्यानं. तो म्हणाला, "अॅल्युमिनियमची घाला नि मोकळे व्हा. एकदाच वाकवायची. चुकली म्हणून परत सरळ केलीत तर तडकलीच समजा." दुसरा म्हणाला तांब्याची. मी म्हटलं, ती हादऱ्यांनी कडक होते, मग चीर पडते. तिसरा म्हणाला गाडीच्या दुकानातली लोखंडी आण. हो, आणि गंजली की तुझ्या नावानं बोटं मोडत बसते!

व्हर्लिन मोठ्यांदा म्हणाला, "नळी ठरली की सांग हं मार्लिस, मग खिडक्यांचे पडदे निवडायला बसू!" सगळं टेबल हसलं. मी म्हटलं, "पडद्यांची गरज तुला आहे बाबा. तुझ्या विमानातला पसारा लोकांना बघवत नाही." त्यावर तर सगळे टेबलावर थापा मारायला लागले. आर्विड तेवढा हसला नाही. डाव्या हातानं मासा खात होता. विचारलं तर म्हणाला, थंडीनं मनगट आखडलंय.

९ मार्च

बाहेर नुसता चिखल. घरात बसवत नाही, हँगरमध्ये गेलं की परत यावंसं वाटतं.

पहिलं उड्डाण एकट्यानं करायचं असतं. शेजारची जागा रिकामी. इतकी वर्षं दोघांनी मिळून खिळा न् खिळा ठोकला, परवाना दोघांकडे आहे, पण वर कोण जाणार हे आम्ही कधी बोललोच नाही. आर्विडच जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. आर्विडनं तर धरलंच आहे.

मला जायचं होतं का? हो. इथे लिहायला काय हरकत आहे! हो, होतं.

पण तो जाणार असेल तर उतरल्यावर त्याला थांबवणारी वस्तू एकच, ही नळी. ती मी निवडणार, आणि माझ्या मनासारखीच निवडणार.

११ मार्च

ठरलं. आतून गुळगुळीत, बाहेरून पोलादी तारांची वीण असलेली लवचीक नळी. उतरताना दर वेळी चाकाचा पाय वाकतो, त्याच्याबरोबर ही वाकेल. ताठ नळी कधी ना कधी तडकणार. आणि उष्णतेनं हिचं काही बिघडत नाही.

आर्विडला सांगितलं तर ओरडला. "ती येणार कधी, लागणार कधी! नळीच आहे ना, मार्लिस!" हा माणूस ओरडत नाही कधी. गोठवणाऱ्या थंडीत हात सुजेस्तोवर पत्र्यांना रिबिटं मारली तेव्हा नाही ओरडला. आता कसली घाई? विमान कुठे पळून चाललंय? म्हणजे, विमानच आहे म्हणा.

१५ मार्च, शनिवार

हे आधी कुणाला तरी सांगायला हवं. कुणाला सांगू?

आर्विड गावात गेला होता. मी म्हटलं, नवी येईतो जुनी नळी काढून ठेवावी. चाकाजवळच्या नटाला पाना लावायला गेले. पाना लागलाच नाही. नट नुसत्या बोटांनी फिरला!

आमचा नियम असा: नट पूर्ण आवळला की त्याच्यावरून खालच्या भागापर्यंत नारिंगी रंगाची एक रेघ ओढायची. नट पुढे सैल पडला तर रेघ तुटते, लांबून दिसतं. रेघ ओढली म्हणजे काम झालं, परत बघायचं नाही. ही रेघ आर्विडची होती आणि अखंड होती. म्हणजे नट सैल पडला नव्हता. तो आवळलाच गेला नव्हता कधी.

तेल तिथून गळत होतं. नळी मऊ होती हे खरं, ती बदलायला हवीच. पण गळती तिची नव्हती.

१६ मार्च

त्याचे सगळे नट तपासले. जुने दगडासारखे घट्ट. नाताळनंतरचे बघितले तर आणखी तीन हलले. प्रत्येकावर सुबक रेघ. त्याला वाटतंय आपण आवळतोय. हातात जोर नाही, आवळलं जात नाहीये.

तो मागे येऊन उभा राहिला. "काय करतेस?" "पुसतेय." तोंडातून गेलंच. सांगितलं तर त्याचं उडणं संपलं. नाही सांगितलं तर तो एकटा वर जाणार, आणि मी खाली उभी राहून हात हलवणार? मला त्याचा राग येतोय. कीव येते आणि परत राग येतो.

२२ मार्च

नळी आली. सुरेख आहे. मी म्हटलं, नट मी आवळते. त्यानं पाना माझ्या हातात दिला. पडद्यावरून, मिठावरून, कशावरूनही वाद घालणारा हा माणूस गप्प! त्याच्या ओरडण्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

मी आत बसून ब्रेक पुरा दाबून धरला, व्हर्लिन चाकाखाली पालथा पडून बघत होता. "टिपूस नाही! पडदे निवडा आता!" मी हसले. आनंद व्हायला हवा होता.

उद्या सांगते.

२३ मार्च

नाही सांगितलं.

२५ मार्च

आजही नाही. विमान पास करायला तपासनीस परवा येणार. त्यांच्या आधी सांगायलाच हवं. सकाळी तोंड उघडलं, तर तो विमानाच्या पंखाखाली उभा राहून गुणगुणत होता. मी कॉफी ठेवून परत आले. इतकी भित्री आहे मी, मला माहीत नव्हतं.

२७ मार्च

विमान पास झालं. कागदावर सही करता करता तपासनिसांनी सहज विचारलं, "मग, पहिलं उड्डाण कोण करणार?" मी काही बोलायच्या आत आर्विड म्हणाला, "मार्लिस."

ते गेल्यावर त्यानं उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलंय म्हणे, हे वाढतच जाणार, उडणं बंद. "एकदा वर जाऊन यायचं आणि मग तुला सांगायचं, असं ठरवलं होतं मी. तू नळीचा घोळ घातला नसतास तर तपासणी उरकून केव्हाच जाऊन आलो असतो गं."

दोघंही रडलो. रविवारी मी उडणार आहे.