आप्पांची चाल

प्रिय आप्पा,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. नोकरीच्या गावाहून, बिलोलीहून मी फोन करायचे, तुम्ही "बरं हाय, ठेव आता" म्हणून ठेवून द्यायचा. आता फोन लागत नाही, म्हणून लिहिते आहे. रागावले आहे मी तुमच्यावर, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तुम्हाला न्यायच्या दिवशी उदगीरचा बँड आपणहून आला. क्लॅरिनेटवाला नामदेव माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, मास्तरांची ती सोताची चाल वाजवावं म्हणून राहिलो. पर आमच्यात कुणालाच पुरी येत न्हाई. तुमाला येती का?"

येत होती की आप्पा. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत येत होती, पण नुसती गळ्यात. मी गुणगुणून दाखवली. बिचाऱ्यानं धरायला बघितली, चुकला, परत चुकला आणि डोळे पुसायला लागला. शेवटी सिनेमातलं एक संथ गाणं वाजवत त्यांनी तुम्हाला नेलं. जन्मभर लोकांनी तुम्हाला जे वाजवायला लावलं, जातानाही तेच.

सिकंदराबादेतल्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात गोव्याच्या मास्तरांकडून तुम्ही जाझ शिकलात. एक सूर धरायचा आणि त्याच्याभोवती सुचेल तसं हिंडून यायचं, असं सांगायचा तुम्ही. तिथंच राहिला असता, तर नाव झालं असतं का हो? पण आज्यानं अंथरूण धरलं, तुम्ही गावी आलात, लग्नाचा बँड काढलात, आणि पाठोपाठ दुष्काळ आला.

विहिरी आटल्या, लग्नं थांबली, बँड बसला. तुम्ही आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. बायका लांबून घागर आणायच्या, आणि तुम्ही त्यातलं पाणी फडक्यावर शिंपडून क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवायचा. लाकूड सुकून तडकू नये म्हणून. आईचा जीव जळायचा. "पोरीच्या तोंडाला पाणी न्हाई, अन् ह्ये लाकडाला पाजून राहिलेत!" तुम्ही मान खाली घालून ऐकून घ्यायचा, पण फडकं ओलं करायचाच.

चाल तिथलीच ना? बायकांचे हातोडे एका तालात पडायचे नाहीत, एक जरा मागं, एक जरा पुढं. त्या मागं-पुढं पडण्यातच तुम्हाला ती सापडली. दुपारी भाकरी खाऊन झाली की बायका म्हणायच्या, "मास्तर, लावा की आपलं." आपलं म्हणायच्या त्या.

पुढं लातूर जिल्हा झाला. तिथल्या मिरवणुकीला आपला बँड बोलावला, तेव्हा आदल्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं नाही. नव्या जिल्ह्याला आपली स्वतःची चाल ऐकवायची होती. लाल कोट घालून चौकात तुम्ही सुरुवात केली. मी आणि आई रस्त्याच्या कडेला होतो. चार पावलंही झाली नसतील, एक सफारीवाला पुढाऱ्यांच्या घोळक्यातून आला. "मास्तर, हे काय मयताचं लावलं? खुशीचा दिवस हाय. पिक्चरमधलं वाजवा."

तुम्ही क्लॅरिनेट तोंडातून काढली, कोटाला पुसली आणि पिक्चरमधलं वाजवलं. लोक नाचले. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसलात. ती चाल पुन्हा चारचौघांत तुम्ही कधी वाजवली नाही. एवढा कसला धसका घेतलात आप्पा? एका सफारीवाल्याचा?

मग घरात पोरं शिकायला ठेवलीत. आली आणि गेली. कुणी पुण्याला गेलं, कुणी रिक्षा घेतली. "लई अवघड हाय मास्तर," म्हणत सगळ्यांनी चाल अर्ध्यावर सोडली. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायचे, कोण कुठं चुकतंय ते मला चुलीपुढून कळायचं. एकदा धीर करून म्हणाले, "मला शिकवा की." तुम्ही हसलात. "बाईमाणसानं फुंकायचं नसतंय बाळा. व्हट जाड व्हतेत. लोक काय म्हणतील?"

तुम्ही म्हणावं हे? पोरीला शाळेत घालतो म्हणून भावकीशी भांडलेला माणूस तुम्ही. मला डी.एड. करायला हाताला धरून नेणारे तुम्ही. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं वाजवत चालणारे तुम्ही. शिकणारी घरात बसली होती आप्पा, आणि तुम्ही गल्लीभर पोरं शोधत हिंडलात. फार दुखतं हो हे. तुम्ही गेल्यापेक्षाही कधी कधी हेच जास्त दुखतं.

आज सकाळी मी तुमची पेटी उघडली. फुंकायची पातळ पत्ती तोंडात ओली करून क्लॅरिनेटला लावली, तुम्ही लावायचा तशी. फुंकलं तर नुसती हवा. परत फुंकलं, तर असा चिरका आवाज निघाला की शेजारची कांता धावत आली. "काय करून राहिलीस गं? सुतकात कुणी वाजवतं का? अन् ह्या वयात?" मी म्हटलं, "शिकून राहिले." ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "वाजीव मग."

नामदेवला सांगितलंय, बोटं कुठं ठेवायची ते तू दाखव, चाल मी तुला देते. तो हो म्हणाला. माझे केस पिकलेत, दम लवकर लागतो. पण आप्पा, शब्द देते. येत्या जयंतीला उदगीरच्या चौकात तुमची चाल वाजेल, पुरी वाजेल, आणि पुढं मी असेन. कुणी येऊन थांबवलं, तरी क्लॅरिनेट तोंडातून काढणार नाही.

आता रडू येतंय, म्हणून इथंच थांबते. रडलं की फुंकता येत नाही.

तुमची लेक,
सुमन