अर्धा-अर्धा आटा

आबा, आज दुपारी दोघांनी एक जुनी पेट्रोल गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली. तुमच्या वेळी शेवगावच्या रस्त्याला अशा गाड्या दिवसभर दिसायच्या, आता सगळ्या विजेवरच्या गाड्यांत महिन्यातून एखादी दिसली तरी पुष्कळ. इंजिनचं वरचं झाकण उघडलं आणि मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. कॅमशाफ्ट तुटला होता, पुढून दुसऱ्या कॅपपाशी. आपला तुटला होता तिथंच. गाडीवाल्या पोराला वाटलं, आता मी इंजिनच बदलायला सांगणार. "काका, संपली का गाडी?" तो म्हणाला. मी म्हणालो, "न्हाई रं, दुसरा दांडा मिळाला की हुईल चालू." आवाज अगदी तुमचा निघाला. पोराला काय कळणार, पण मला तिथं उभं राहवेना.

तो दिवस तुम्हाला आठवत असणारच. विसरायला तुम्हाला कुणी सवडच दिली नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, आयटीआय करून आलेला आणि तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं अशा ऐटीत वावरणारा. दुसऱ्या दिवशी शनी अमावस्या, शिंगणापूरला जायला सगळ्या तालुक्याला गाड्या हव्या होत्या, आणि आपल्याकडे एका गाडीच्या इंजिनचं हेड उघडून पडलेलं. व्हॉल्व्ह घासून झाले होते, फक्त कॅमशाफ्ट बसवायचा राहिला होता. तुम्ही जेवायला निघालात आणि दारातून वळून म्हणालात, "मी येस्तोवर हात लावू नको. आन् लावलाच तर अर्धा-अर्धा आटा. ओतीव बीड हाय ते, लोखंडावानी वाकत न्हाई, तुटतं." हे मी हजार वेळा ऐकलं होतं. दांडा दाबून धरणाऱ्या पाच कॅप, मधल्यापासून सुरू करायचं, प्रत्येक बोल्टाला अर्धाच आटा, अर्धाच फेरा द्यायचा आणि पुन्हा मधल्यावर यायचं. तुम्ही तोंडानं मोजत आवळायचात आणि गिऱ्हाइकं हसायची. मला त्या मोजण्याची लाज वाटायची, हेही आता सांगून टाकतो.

तुम्ही परत याल तेव्हा काम झालेलं दिसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पुढची कॅप ठेवली आणि एका दमात पूर्ण आवळली. दांड्याचा मागचा भाग खालच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी अजून वर उचलून धरलेला. मग आवाज आला. फार मोठा नाही, शेंग फोडल्यासारखा. मी पाना थांबवला. दांड्यावरून बोट फिरवलं, तेलात काही लागलं नाही. लागलं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं मी ठरवून टाकलं. बोल्ट सैल केले, कॅप काढून फडक्यावर होती तशी ठेवली, हात पुसले आणि माठातलं पाणी प्यायलो.

तुम्ही आलात. कॅप ठेवल्या. मधल्यापासून सुरुवात केलीत, अर्धा आटा, अर्धा आटा, मोजत. मी शेजारी उभा आहे. मला बोलता येतंय, तोंड आहे, जीभ आहे. तिसऱ्या फेरीला तुमच्या हाताखाली कॅमशाफ्टचे दोन तुकडे झाले. तुम्ही तुकड्यांकडे पाहिलंच नाही, आपल्या हातांकडे पाहत राहिलात. मग हळूच म्हणालात, "हात गेला रं माझा." आणि मी, तुमचा आयटीआय झालेला मुलगा, म्हणालो, "वय झालं आबा, चालायचंच."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तुम्ही नगरला गेलात आणि जुन्या बाजारातून एक कॅमशाफ्ट टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आलात. तो बसवताना पाना माझ्या हातात दिलात. "तू आवळ, मी मोजतो." मला वाटलं, आजच्यापुरतं असेल. पण त्यानंतर तुम्ही एकाही इंजिनाच्या हेडला हात लावला नाहीत. ग्रीस, ऑइल, पंक्चर. ज्या माणसाकडे पाथर्डीपासून लोक इंजिन घेऊन यायचे, तो माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसायचा.

आणि ते सकाळचं. चहाच्या आधी स्वयंपाकघरात काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या हातात घ्यायचा, हात लांब करायचा आणि पाणी हलतं का बघायचं. आई आधी हसली. "आता तांब्याची बी परीक्षा घेता व्हय?" पुढे तिनं हसणं सोडलं. पाणी हलायचं नाही, आबा. एक थेंब सांडायचा नाही. तुम्ही तांब्या खाली ठेवायचात आणि कुणाला तरी विचारावं तसं म्हणायचात, "हलत तर न्हाई. मग त्या दिशी काय झालं?" मी तिथंच भाकरी खात असायचो. शेवटच्या आजारपणात तर भरलेला पेलाही तुम्ही तसाच धरून पाहायचात.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन मांडली होती, हळदकुंकू लावलं होतं. पूजा झाल्यावर तुम्ही मुठीला कापड गुंडाळलेला तुमचा टी-पाना उचललात आणि माझ्या हातात ठेवलात. "आता ह्यो तुजा. तुजा हात चांगला हाय." मी वाकून पाया पडलो. वर बघायची हिंमत झाली नाही. तुम्हाला वाटलं, पोराला भरून आलंय.

नवा दांडा उद्या येईल. मी तो मोजत आवळीन, मोठ्यानं, कुणी हसलं तरी. पण त्यानं तुमचं काही परत येत नाही. हात तुमचा गेला नव्हता, आबा. तो दांडा तुमच्या आधी मी तोडला होता. त्या दिवसापासून शेवटपर्यंतची तुमची सात वर्षं मी एका वाक्यात परत देऊ शकत होतो, रोज सकाळी, भाकरीचा घास गिळून. दिली नाहीत.

हा कागद पान्याच्या खणातच राहील. मघाशी दिवेलागणीला आई दारात येऊन उभी राहिली. "काय लिव्हतोस रं एवढं?" म्हणाली. मी म्हणालो, "पार्टांची यादी." "मग सारखा चष्मा काढून डोळं कशाला पुसतोस?" मी म्हणालो, पेट्रोल उडालं.

आजही खोटंच बोललो, आबा.