मधुकरचा सत्कार

कोपरखैरणे
२ डिसेंबर २०२४

चि. मधुकर यास,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू सगळ्याला हो ताई म्हणतोस आणि दुसऱ्या दिवशी तुला काही आठवत नाही. तूही पत्रच लिही. पिऊन अक्षर सरळ येत नाही, मला लगेच कळेल.

उज्वला चिपळूणला माहेरी जाऊन बसली आहे. तीन महिने थेंबाला शिवला नाहीस तरच ती परत येणार, हे तिचं शेवटचं सांगणं. बायको गेली म्हणून तू नुसते उसासे टाकत बसलास, तेव्हा दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा मीच शोधत फिरले, मुलीसाठी स्थळं बघावीत तशी. इंटरनेटवरच्या पहिल्या पत्त्यावर झुम्बाचा क्लास निघाला. दुसऱ्या ठिकाणी वॉचमनला काही माहीत नव्हतं, कारण हे लोक पाटीच लावत नाहीत. शेवटी खांदेश्वरला स्टेशनजवळच्या एका शाळेत सापडली. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सात. कामोठ्याहून रिक्षा मिळते.

कुणी ओळखेल म्हणून लाजतोस म्हणे. अरे, तुला धरून लिफ्टपर्यंत नेणारा वॉचमन ओळखतो, समोरचे ओळखतात, इस्त्रीवाला ओळखतो. आता ओळखायचं राहिलंय कोण?

लोभ आहेच, तो किती ताणायचा ते तू ठरव.

तुझी
जयमालाताई

---

कामोठे
१४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. अक्षर नीट तपासून घे. आज अडतीस दिवस झाले.

तुला वाटतं तितकं सोपं नाही. तिसरीच्या मुलांचे बाक आहेत, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. पहिल्या दिवशी मी भाषणच तयार करून गेलो होतो, की मी तसा बेवडा नाही, ऑफिसचं टेन्शन असतं. कोंडिबा नावाच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चहाचे कप धुवायला लावले. तेव्हापासून कप माझ्याकडेच आहेत. आडनाव कुणी विचारत नाही. तिथे मी कुणाचा साहेब नसतो की कुणाचा भाऊ नसतो, नुसता मधुकर असतो, आणि ते मला बरं वाटतं.

एक विनंती. तिथलं बाहेर बोलायचं नसतं. मायेपोटी तू गावभर सांगत सुटतेस, ती सवय या वेळी आवर. उज्वलाशी रोज फोनवर बोलतो. मार्चमध्ये येईन म्हणाली आहे. तुमच्या सोसायटीच्या सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला मी नक्की येतो.

माया आहे तशी असू दे, पाळत थोडी कमी कर.

तुझा
मधुकर

---

कोपरखैरणे
२९ जानेवारी २०२५

चि. मधुकर यास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

पन्नास दिवस एका संध्याकाळी घालवलेस. मी असं काय वाईट केलं होतं? आरती झाल्यावर सेक्रेटरींनी तुला शाल-श्रीफळ दिलं, माईकवर चार चांगले शब्द बोलले. दहावी पास झालेल्या पोरांचा सत्कार करतात, रिटायर होणाऱ्यांचा करतात, मग दारू सोडणाऱ्याचा का नको? मीटिंगचं नाव मी घेऊ दिलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला तर रडू आलं. आणि तू प्रसादही न घेता उठलास तो थेट वाशीच्या बारमध्ये गेलास. माझ्या सुयशने तुला उचलून आणलं, शाल खांद्यावर तशीच. खालच्या रंजिताने गॅलरीतून सगळं पाहिलं. कुठे तोंड लपवू ते सांग.

झालं ते झालं. उज्वलाला मी काही कळू दिलेलं नाही. तुला बरं नाही, झोपलायस, असं सांगून ठेवलंय. तूही बोलू नकोस. पन्नासच्या पुढे मोजत जा आणि सात मार्चला तिला आणायला जा. हे आपल्या दोघांतच राहील.

चिडलेली, पण तुझीच
ताई

---

कामोठे
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा चिडलो. सत्कार मागितला होता कुणी? दीडशे माणसांसमोर सेक्रेटरी म्हणाले, की एके काळी गटारात लोळणारा माणूस आज आपल्यासमोर उभा आहे. मी गटारात कधीच लोळलो नव्हतो. टाळ्या वाजत होत्या आणि मला वाटत होतं, की आता हे सगळे मी पुन्हा कधी पितो ते बघत बसणार. पण ताई, प्यालो मीच. बारचं दार तू उघडलं नाहीस, सेक्रेटरींनीही नाही.

मागच्या मंगळवारी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. शनिवारी आत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हळहळलं नाही, कुणी रागावलंही नाही. कोंडिबांनी शेजारी जागा करून दिली.

उज्वलाला काही सांगू नये, असं दोन दिवस माझ्याही मनात होतं. अकरा वर्षं मी प्यालो की ताप आलाय म्हणून ऑफिसला तूच कळवत आलीस, मला त्याची सवय झाली आहे. आज मीटिंगहून आलो आणि तिला फोन केला. सव्वीसला प्यालो, पन्नास दिवस गेले, आज पुन्हा नववा आहे, मार्चमध्ये आली नाहीस तरी माझी तक्रार नाही, असं सांगितलं. मग तिने विचारलं, की आज मीटिंगला गेला होतात का. मी हो म्हणालो. जेवून घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.

चोवीस वर्षांच्या संसारात तिला वास येण्याआधी मी स्वतः सांगितलं, असं आज पहिल्यांदा झालं.

हवं तितकं रागाव, पण ताई, आता माझ्यासाठी कुणाशी खोटं बोलू नकोस.

तुझा धाकटा
मधुकर