दुरुस्त केलेलं दार

ती. दादाच्या चरणी धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण उजवा घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला आहे, तेव्हा तूर्त अर्ध्यावर भागवून घे. तुझा खोकला कसा आहे? वहिनीची कंबर? दुकानात ओलं लाकूड आलं असेल तर उन्हात टाकू नकोस, सावलीत वाळव. (हे तूच मला शिकवलंस आणि स्वतः कधी केलं नाहीस.) घरच्या पुढच्या दाराला तेल घाल, असं निघताना मी उंबऱ्यातून बजावलं होतं. ते अजून घातलं नसशील याची मला खात्री आहे.

मी डोंगरात आलो तो स्वतःच्या हौसेनं नव्हे, हे आधी नमूद करतो. भुशानं छाती धरली आहे, जरा मोकळ्या हवेत चालत जा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या मनात गल्लीच्या टोकापर्यंत असावं. तू मात्र मला डोंगर चढणाऱ्या मंडळींच्या हवाली करून मोकळा झालास. मंडळी भली आहेत, पण त्यांना कडा दिसला की चढावंसं वाटतं आणि मला दगड दिसला की बसावंसं. त्यातून माझ्या पिशवीत धाकटा रंधा निघाला, तेव्हा तर त्यांची हसता हसता पुरेवाट झाली. (रंध्याशिवाय मी कुणाच्या लग्नाला गेलो नाही, तो डोंगरात कसा जाईन.) खिंडीच्या अलीकडे पाय मुरगळला. मंडळींनी मला शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या घरात टेकवलं आणि परतताना नेतो म्हणून वर निघून गेली.

घरात एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची म्हातारी. तिची दृष्टी गेली आहे. मी कोण, कुठला, किती दिवस राहणार, यातलं काहीही न विचारता त्यांनी मला चुलीजवळची जागा दिली. म्हणजे त्यांची स्वतःची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. वाडगं रिकामं केलं की पुन्हा भरतात. थोडं ठेवलं तर आवडलं नाही असं समजून दुसरं काहीतरी रांधायला घेतात. वाढणं थांबावं म्हणून मी जेवताना डोळे मिटून पेंगल्याचं सोंग करून पाहिलं, तर म्हाताऱ्यानं पाठीमागे उशी आणून लावली. इतकी माया अंगावर आली की माणूस उतराई होण्याची वाट शोधतो. आणि सुताराला वाट कुठली सुचणार?

त्यांचं दार खाली बसलं होतं. फळीचा कोपरा दगडावर घासायचा आणि असा खरखरायचा की माझे दात आंबायचे. म्हातारा मेंढ्या घेऊन गेला आणि म्हातारी बाहेर उन्हात बसली, तेवढ्यात मी लंगडत उठलो, बिजागऱ्या आवळल्या, खालची कड रंधली, तेल दिलं. दादा, बोटानं ढकललं तरी फिरेल असं दार झालं. असं काम आपल्या दुकानातून क्वचितच बाहेर पडलं असेल. म्हाताऱ्यानं संध्याकाळी येऊन ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, छान झालं म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. म्हातारीही छान म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पाहुण्याला त्याची चूक सांगायची नाही, असा या दोघांचा बाणा आहे. शेवटी शेजारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. कोण आलं हे म्हातारी दारावरून ओळखायची. शेजारीण दोन धक्क्यांत ढकलते. म्हातारा पायानं लोटतो. आणि त्यांचा मुलगा लहानपणापासून दार किंचित उचलून उघडायचा, म्हणजे खरखर सुरू होता होताच थांबायची. हा मुलगा खिंडीपलीकडे कामाला गेला, त्याला बरीच वर्षं झाली. निरोप नाही, पत्ता नाही. तो येईल असं वस्तीत कुणाला वाटत नाही, आणि तसं तिच्यासमोर कुणी बोलतही नाही. ती आपली दाराकडे कान लावून असते. शेजारणीला ती एवढंच म्हणाली होती, की आता सगळे सारखेच येतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंध्यानं गेलेलं लाकूड परत येत नाही. खाली पट्टी ठोकली, तर दार अडकलं आणि म्हातारा थंडीत बाहेर राहिला. (बाहेरूनच त्यानं माझे आभार मानले.) बिजागरी सैल केली, तर दार मांजरासारखं ओरडलं. म्हातारीनं मान कलती करून ऐकलं आणि छान आहे म्हणाली. तिचं छान आता मला ऐकवत नाही.

म्हणून सध्या दाराचं काम मीच करतो. दाराशी बसतो आणि येईल त्याचं नाव पुकारतो. शेजारीण आली. बाबा आले. मेंढी आली. प्रत्येक वेळी ती ऐकते, मान हलवते आणि पुन्हा कान लावते. आणखी एक नाव पुकारायला मिळावं असं मला फार वाटतं, दादा.

लोकर घेऊन खाली जाणारा माणूस उद्या निघतो आहे, त्याच्याबरोबर हे धाडतो. घरच्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे.

तुझा,
धाकटा

ता. क. घोटा केव्हाच उतरला. मंडळी न्यायला आली तेव्हा मी लंगडून दाखवलं आणि त्यांना वाटेला लावलं. वर लिहिलेली सूज वहिनीसाठी आहे.

ता. क. दुसरा. तू बसवलेलं दार वर्षाच्या आत खाली बसलं नाही असं कधी झालं नाही, आणि त्यावरून मी तुला जन्मभर बोललो. दादा, तू इकडे ये. माळ्यावरच्या डब्यातल्या झिजक्या बिजागऱ्या आण आणि हे दार तुझ्या पद्धतीनं बसव. मला ते जमत नाही. उचललं की गप्प होईल, एवढं बघ.

ता. क. शेवटचा. निघण्याआधी आपल्या दाराला तेल मात्र घालू नकोस. आपण परत येऊ तेव्हा वहिनीला आत बसल्या बसल्या कळलं पाहिजे, पुढे तू आहेस की मी.