चालू ठेवलेला फोन

दि. ६ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी आठचा फोन आला नाही म्हणून तुम्ही फळीवरच्या फोनकडे टक लावून बसला असाल. मी ठणठणीत आहे. काल मिनिटभर फोन करून सांगायला गेले, तर तुम्ही नव्या पुठ्ठ्यांचंच सांगत सुटलात, मला बोलूच दिलं नाहीत. हल्ली हे फार वाढलंय हं तुमचं! म्हणून हे पत्र.

बाबा, फोनचं बिल आलंय. आकडा किती, ठाऊक आहे? माझा अख्ख्या महिन्याचा पगार, आणि वर थोडं! आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून आलं. पण नाव माझं, नंबर तुमचा, आणि कामाच्या प्रत्येक दिवसापुढे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, सहाशे मिनिटं.

कंपनीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, एक जानेवारीपासून देशातल्या देशात इंटरनेटवरून केलेल्या फोनला मिनिटाप्रमाणे पैसे पडतात, आणि तसं कळवलंही होतं. कळवलं होतं खरं. नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी शुभेच्छा समजून पुसून टाकलं. परदेशातले फोन मात्र अजून फुकट आहेत, हेही तिने गोड आवाजात सांगितलं.

गेल्या वर्षी तुम्ही कातरयंत्रापाशी पडलात आणि चार तास तसेच पडून राहिलात, तेव्हापासूनची ही आपली रीत. बोलायचं काहीच नाही. तुम्ही तिकडे पुस्तकं शिवायची, मी इकडे चष्म्याच्या काचा घासायच्या, आणि मधे फोन चालू. तो बंद झाल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. दुसरी स्वस्त योजना शोधते. तोवर स्टुलावर चढायचं नाही, सांगून ठेवते.

लोभ आहेच. तो मिनिटांवर मोजू नये, ही विनंती.

तुमची,
भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आकडा दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. चष्मा तूच केलेला, त्यामुळे तो खोटं बोलेल असं नाही. खळीचा ब्रश हातात तसाच राहिला आणि धोतरभर खळ सांडली.

अगं, महिनाभर आपण दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. गप्प बसायचे एवढे पैसे? बोललो असतो तर या लोकांनी घरावरची कौलंसुद्धा उतरवून नेली असती! परदेशात फुकट आहे ना, मग मला नेऊन ठेव परदेशात, आणि बोल हवं तेवढं.

खरं सांगू, पत्रच बरं. पत्रातला शब्द न् शब्द नीट पोचतो.

आता फोन नाही, म्हणून एक लिहूनच टाकतो. एकोणीस जानेवारीला मी पुन्हा पडलो, ते तू ऐकलंच असशील. दाबयंत्र आणि भिंत यांच्या मधे अडकलो होतो. फळीकडे तोंड करून तुला तीन हाका मारल्या. पोरगी ऐकते आहे, या भरवशावर घाबरलो नाही. अर्ध्या तासाने टेबलाला धरून आपला आपणच उठलो. तू शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला पाठवून गल्लीभर बोभाटा केला नाहीस. म्हाताऱ्याची लाज राखलीस. आईवर गेली आहेस अगदी.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा


दि. १५ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मी ऐकलं नाही.

कसं लिहू कळत नाही, पण लिहिते. नोव्हेंबरात दुकानात नव्या मालकीणबाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कामाच्या टेबलावर फोन दिसता कामा नये. तेव्हापासून फोन आवाज बंद करून माझ्या खणात असायचा. सकाळी तुमच्याशी बोलून झालं की खणात टाकायचा आणि सहाला काढून बंद करायचा. तुम्हाला सांगायची लाज वाटली. चालू तर आहे ना, असं म्हणून स्वतःचीच समजूत घालत राहिले.

तुम्ही हाका मारत होतात तेव्हा मी कुणाच्या तरी चष्म्याला काच बसवत असेन. खण माझ्या गुडघ्याला टेकलेला असतो, बाबा. एवढ्या जवळ होतात तुम्ही.

पत्र मिळाल्यावर पाच वेळा फोन लावला. म्हटलं, बिल गेलं खड्ड्यात. तुम्ही उचलत नाही. शेवटी लॉन्ड्रीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, तुमचे बाबा काय, मजेत पुस्तकं शिवत बसलेत. म्हणजे रागावला आहात. रागवा, मी त्याच लायकीची आहे.

बदली कारागीर एकवीसला येतोय. बावीसला सकाळी मी घरी पोचते. परत जायचं की नाही, ते तुमच्यासमोर बसून ठरवू.

अजून लोभ उरला असेल तर तेवढा राखून ठेवा.

भिंगरी


दि. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी रागावलो नाही गं. फोन वाजला, हेच मला कळलं नाही.

तू खरं लिहिलंस, मग मीही लिहितो. माझा डावा कान मागच्या वर्षीच गेला. उजवाही दिवाळं काढून बसलाय. सकाळी आठला फोनचा तांबडा दिवा लुकलुकला की उचलायचो, आणि तू काही विचारायच्या आत आपलंच दळण दळायला लागायचो. तुला कळलं तर नोकरी सोडून धावत येशील, ही भीती. पडलो त्या दिवशीही वाटलं, तू तिकडून धीर देत असशील, मलाच ऐकू येत नाहीये.

म्हणजे तू ऐकत नव्हतीस, मला ऐकू येत नव्हतं, आणि कंपनी तेवढी कान देऊन मिनिटं मोजत होती. वाचून आधी खो खो हसलो. मग बराच वेळ काम सुचलं नाही.

ये. लाज मला आणि तुला सारखीच, तेव्हा कुणी कुणाची माफी मागायची नाही.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच घट्ट बांधलेला राहो.

तुझा,
बाबा

ता. क. बावीसला दाराशी उभी राहून बेल वाजवत बसू नकोस. कडी काढून ठेवतो. सरळ आत ये आणि माझ्या खांद्यावर हात ठेव.