किरकोळ दुरुस्ती

कराड, गुरुवार, दिवेलागणीला

"किरकोळ दुरुस्ती." सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या टिपणात त्या ब्लॉकचेन प्रकल्पवाल्यांनी एवढंच लिहिलंय. त्यांच्या कोडमध्ये मला सापडलेल्या भोकातून कुणाच्याही वॉलेटमधली डिजिटल नाणी मालकाच्या गुप्त किल्लीशिवाय काढता येत होती. आणि हे किरकोळ?

मी बोभाटा न करता त्यांना खासगीत कळवलं होतं. आधी म्हणाले, असं घडूच शकत नाही. तेव्हा विट्याहून अण्णा फोनवर म्हणाले, "वाद घालू नगंस. त्येंच्या डोळ्यांम्होरं वितळवून दाव." माझ्या वडिलांचा, अण्णांचा, जन्म गलाईच्या दुकानात सोनं गाळण्यात गेला, त्यांना दुसरं काय सुचणार. पण मी तसंच केलं, माझ्याच दोन चाचणी वॉलेटमधली नाणी किल्लीशिवाय काढून दाखवली, तेव्हा कुठे त्यांना पटलं. भोक बुजवलं. मान्य.

पण किरकोळ म्हटल्यावर नवी आवृत्ती घेणार कोण? लोक जुनीच चालवत बसतील, भोकासकट. आज हेच विचारलं, तर प्रकल्पाचा प्रमुख लिहितो, "बदनामी नको. आभारात तुमचं नाव टाकतो."

मी नावासाठी चिडलेय का? थोडी असेनही. तरी त्या 'किरकोळ'च्या खाली मला नाव नको.

त्यांना कळवून टाकलंय: सोमवारपर्यंत तो शब्द बदला, नाहीतर मीच जाहीर लिहीन. भोक कसं वापरायचं ते सांगणार नाही, फक्त 'जुनी आवृत्ती आजच काढून टाका', एवढंच लोकांना सांगेन. आणि त्याच्या खाली मात्र माझं पूर्ण नाव असेल. शिव्या कुणाला द्यायच्या, ते त्यांना शोधावं लागू नये.