अप्पांची गल्ली आणि 'जुने' नावाचं फोल्डर

१० जाने., शनि.
घरं बांधायचा गेम आजही उघडला नाही. ऐंशी टक्क्यांवर येतो आणि बसतो, आमच्या ओरत्तनाडूच्या बससारखा. चारदा केलं. अप्पा खुर्ची ओढून, चष्मा पुसून तयार. "आज शिंप्याचं घर बांधायचं." बांधू हो अप्पा, आधी उघडू तर द्या त्याला.
चेन्नईला रघूला फोन. धाकटा भाऊ, सॉफ्टवेअरवाला. म्हणे, "काढून परत टाक ना अक्का." टाकला. अख्खी दुपार गेली. परत ऐंशी. असले सल्ले मीपण देते, फुकट.

११ जाने., रवि.
नेटवर एकजण लिहितो, खोट गेममध्ये नसते, आपल्या स्वतःच्या फायलींत असते. कॅश उडवला, सेटिंग्ज उडवल्या. ढिम्म. शेवटी आपलं सगळं फोल्डरच उचलून डेस्कटॉपवर ठेवलं, नाव दिलं "जुने". गेम लगेच उघडला. पण आत नुसतं गवत.
अप्पा बघत राहिले. "आपली गल्ली कुठं आहे?"
सात वर्षं लागली त्या गल्लीला. अप्पांच्या लहानपणची. पडद्यावर बोट ठेवून त्यांचं "हिंगा, हिंगा" चालायचं, म्हणजे इथं, इथं, आणि मी तिथं घर बांधायची. विहीर, वाटसरूंचं चत्रम, सारंगीवाला, वैद्य. एकोणतीस घरं. आता विचारलं तर "कोण सारंगीवाला?" म्हणतात. फाईल गेली तर गल्ली गेली, दुसरीकडे कुठंच नाही ती. भीती वाटते.

१२, सोम.
अर्ध्या फायली परत ठेव, गेम चालव, काढ, उरलेल्या अर्ध्या ठेव. ऑफिसातून आल्यापासून हेच. डोसे करपले. अप्पांचं दर पाच मिनिटांनी "सरि, आता?" एकदा वसकले त्यांच्यावर. त्यांनी खुर्ची मागं सरकवली. मग वाईट वाटत राहिलं.

१३, मंगळ.
चोर सापडला. देवळाचं गोपूर. कुणीतरी बनवून नेटवर ठेवलेलं, मीच हौसेनं उतरवलेलं. तेवढं वगळून गल्ली आत ठेवली की झालं. ठेवणार तर करंट गेला. बरं, उद्या. अप्पांना सांगितलं, उद्या शिंप्याचं घर नक्की.

१४, बुध. भोगी
घरी आले तर दारात जळक्या चटईचा वास. अप्पा खुशीत. सकाळपासून जुनं काढून जाळत होते. फाटकी चटई, सुपं, केरसुणी.
"कॉम्प्युटरपण साफ केला. वर 'जुने' म्हणून होतं, काढलं. कचऱ्याचा डबा रिकामा केला."
नागरी लिपी त्यांनी मला शिकवली, डबा रिकामा करायला मी त्यांना. दोन्ही अंगाशी आलं.
मी ओरडले. खूप. "भोगीला जुनं ठेवतात का गं?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, तुमचंच होतं ते.
ऑफिसच्या फडतूस कागदांच्या तीन-तीन प्रती ठेवते. घरच्या गल्लीची एक नाही. आता कुणावर ओरडू?

१५. पोंगल
अप्पांनी दोन घास खाल्ले. रघू म्हणाला, "हात लावू नकोस अक्का. नवीन लिहिलं की खालचं जुनं पुसतं." त्याने पुसलेलं परत काढायचा एक प्रोग्राम सांगितला. तो पेन ड्राइव्हवर, शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवरून घेतला. ह्या वेळी सल्ला कामाचा.
अप्पांशी अजून नीट बोलले नाही.

१८, रवि.
चौदा फायली निघाल्या. नावं नाहीत, नुसते आकडे. सकाळपासून एकेक उघडतेय. बहुतेक तुटलेल्या. दोनदा गेमच बंद पडला. वैताग.
तेरावी उघडली. सात वर्षांपूर्वीची, अगदी पहिली. विहीर आणि चार घरं. बाकी गवत. पंचवीस घरं कमी. रडूच आलं मला.
चौदावी उघडणार होते, अप्पांनी मनगट धरलं. खुर्ची पुढं ओढली.
"हिंगा विहीर," म्हणाले. बोट पडद्यावर. "विहिरीच्या पलीकडं..."
आणि अडले. मी सांगणार होते, वैद्य. नाही सांगितलं.
"थांब," म्हणाले, "येतंय."
माऊस सोडून बसले आहे. ते बोट अजून तिथंच आहे.